तक्त्याबाहेरचा आकडा

सोनुने मॅडमचा फोन वाजला की त्या आधी डोळे मिटून घेत आणि मगच तो उचलत. पलीकडून गॅसवाला किंवा भाची बोलली की डोळे उघडत आणि चेहऱ्यावर रंग परत येई. अनोळखी नंबर असला तर उभं राहून बोलत, भिंतीला एक हात लावून. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं कुणीतरी दवाखान्यात असेल. तसं काही नव्हतं. जालन्यात मस्तगड भागात एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि त्यांची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत होती.

भीती होती ती 'अदमास'ची. 'अदमास' ही त्यांनी उभी केलेली लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, गणितं सोडवणाऱ्या तयार प्रोग्रॅमांची. समीकरणं सोडवायची, वेड्यावाकड्या आकाराचं क्षेत्रफळ काढायचं, मोजलेल्या आकड्यांवरून न मोजलेला आकडा काढायचा, असली कामं करणारी शे-दीडशे फंक्शनं तिच्यात होती. इंटरनेटवर खुली ठेवलेली, कुणीही घ्यावी, वापरावी, सुधारून पाठवावी. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं गणित शिकवताना मुलांसाठी म्हणून मॅडमनी ती लिहायला घेतली होती. पुढे ती कुठल्या कुठल्या देशांतले लोक वापरायला लागले. नाव असं का ठेवलं, असं मी विचारलं होतं. "कम्प्यूटरनं काढलं म्हणजे खरंच असतं असं न्हाई," त्या म्हणाल्या. "अदमास असतो तो. नावातच असू दे, म्हणजे वापरणारा विसरणार न्हाई." वापरणारे अर्थातच विसरत.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. घर म्हणजे जालना. नोकरीत 'अदमास' वापरता वापरता कळलं की ती लिहिणारी बाई आपल्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर राहते. मग काय, एक नवं फंक्शन लिहिलं आणि मिरवत मिरवत त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी ते तीनदा वाचलं. मोसंबी सोलून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंस. कशाला पाहिजे?"

मला वाटलं होतं, चांगलं लिहिलं की झालं. त्यांचं तसं नव्हतं. कुणाला हवं, कशासाठी हवं, उत्तर चुकलं तर कुणाच्या अंगावर येणार, हे समजल्याशिवाय कुठलंही फंक्शन 'अदमास'च्या आत येत नसे. आणि आत येताना त्याच्या माथ्यावर ते आणणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहावा लागे. जगात कुठल्याच लायब्ररीत अशी पद्धत नाही. बाहेरच्या लोकांनी थट्टा केली, काहीजण चिडून निघून गेले. मॅडम ढिम्म हलल्या नाहीत. "ज्याला आपला नंबर द्यायची भीती वाटते, त्यानं आपलं गणित दुसऱ्याला देऊ नये," असं त्यांचं म्हणणं. जुन्या शंभरेक फंक्शनांच्या माथ्यावर त्यांचाच नंबर होता. म्हणून फोन वाजला की डोळे मिटत.

पुढे मी दर रविवारी जायला लागले. आठवडाभरात लोकांनी केलेल्या मागण्या मी वाचून दाखवायच्या आणि आम्ही दोघींनी घ्यायचं की नाही ते ठरवायचं. 'आम्ही दोघींनी' हे माझं म्हणणं झालं. खरं तर मी वाचायची आणि त्या 'न्हाई' म्हणायच्या. एकाने मागितलं होतं, मोजमापात एखादा आकडा इतरांहून फार वेगळा आला तर तो आपोआप गाळणारं फंक्शन द्या. मॅडम म्हणाल्या, "सगळे एक बोलून राह्यले आणि एकटाच वेगळं बोलून राह्यला, म्हणून त्याला घराबाहेर काढायचं? तोच खरं बोलत असला तर?" न्हाई. दुसऱ्याला उत्तरात आणखी दशांश स्थळं हवी होती. तेही न्हाई. मी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "बाई, हा पाहुणा न्हाई, घरजावई हाय. एकदा आत आला की जात न्हाई, आणि त्याला बोलताबी येत न्हाई." ते खरंही होतं. एकदा फंक्शन दिलं की लोक त्याच्यावर आपले प्रोग्रॅम उभे करतात, आणि मग ते काढून घेतलं तर त्यांचं सगळं कोसळतं.

मला त्यांची ही भीती सुरुवातीला गमतीची वाटे, नंतर जाचक. एकदा वैतागून मी विचारलंच, की मॅडम, आकडे तर आहेत, आकड्यांना इतकं काय भ्यायचं. त्या दिवशी त्यांनी गोठ्याची गोष्ट सांगितली. त्यानंतर पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

त्यांचं माहेर केदारखेड्याचं. थोरल्या भावाला शेतात बैलांसाठी पत्र्याचा गोठा बांधायचा होता. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर किती भार येईल ते बहिणीनेच काढून द्यावं, असा त्याचा हट्ट. घरात गणिताची प्राध्यापक असताना बाहेर कुणाला कशाला विचारायचं? मॅडमनी समीकरणं मांडली आणि 'अदमास'च्या अगदी पहिल्या फंक्शनने सोडवली. त्यातली दोन समीकरणं जवळजवळ सारखीच होती. अशा वेळी उत्तर भलतंच येऊ शकतं, हे त्या वर्गात दरवर्षी शिकवत. पण पडद्यावर आठ दशांशांपर्यंत स्वच्छ उत्तर आलं आणि त्यांनी ते लिहून दिलं. दोन उन्हाळ्यांनंतर एका वावटळीत गोठा खाली बसला. एक बैल गेला. भाऊ पाच मिनिटांपूर्वी मोटार चालू करायला विहिरीकडे गेला होता म्हणून वाचला.

"दादा कधी काही बोलला न्हाई," मॅडम म्हणाल्या. "फक्त इतकंच विचारलं, इंदू, कम्प्यूटरनं बराबर सांगितलं होतं ना? मी हो म्हणले. मंग दोन वर्षं तिकडं गेलेच न्हाई." मग म्हणाल्या, "चुकीचं उत्तर ओरडत न्हाई, वैशाली. बराबर उत्तरासारखंच दिसतं. तसंच गप उभं राहतं."

हे सगळं ऐकूनही मी जे केलं ते केलं, म्हणून इथे लिहिते आहे.

'अदमास'मध्ये तक्त्यावरून मधला आकडा काढणारं एक फंक्शन होतं. समजा तुम्ही आठवडाभर विहिरीचं पाणी मोजलं आणि मंगळवारचं मोजायचं राहून गेलं, तर सोमवार-बुधवारवरून ते मंगळवारचं काढून देई. पण पुढच्या रविवारचं विचारलं तर थांबे आणि लिही, 'माहीत नाही'. तक्ता जिथे संपतो तिथे त्याचं बोलणं संपे. लोकांना नेमकं पुढचंच हवं होतं. दोन वर्षं मागण्यांच्या यादीत ही मागणी सगळ्यात वर होती आणि दोन वर्षं मॅडम न्हाई म्हणत होत्या. मी सांगितलं, दुसऱ्या सगळ्या लायब्ऱ्यांत आहे. त्या म्हणाल्या, "असंल. गावातल्या बाकीच्या विहिरींना कठडा न्हाई म्हणून आपलाबी काढायचा का?" मग मी मधला मार्ग काढला. नेहमी थांबायचंच, पण कुणी एक शब्द जास्तीचा लिहिला तरच पुढचं सांगायचं. त्यावरही त्यांनी मान हलवली. "दार ठेवलं की माणूस दारानंच जातो. वरची पाटी वाचत बसत न्हाई."

माझा धाकटा भाऊ गणेश औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर आहे. दिवाळीच्या आधी त्यांच्या तरुण इंजिनिअर साहेबांना कळलं की 'अदमास' जालन्याची आहे आणि गणेशची बहीण तिच्यात काम करते. गणेशचा भाव एकदम वधारला. साहेब त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजायला लागले. भाऊबीजेला मी ओवाळलं, तर हा ताटात ओवाळणी टाकायची सोडून मलाच मागायला लागला. "ताई, ते तक्त्याच्या पुढचं सांगतं तसं करून दे ना. साहेब रोज विचारून राह्यले." मी हसले आणि बघते म्हणाले. कशाला पाहिजे, हे मी विचारलं नाही. मॅडमच्या घरात दर रविवारी पहिला विचारला जाणारा प्रश्न, आणि तो मी माझ्या सख्ख्या भावाला विचारला नाही.

पौषात मॅडमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस पडद्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेवढ्यापुरती त्यांनी 'अदमास'ची किल्ली माझ्याकडे दिली. किल्ली म्हणजे बदल पक्के करून जगासाठी खुले करायचा अधिकार. "दुरुस्त्या बघ," म्हणाल्या. "नवीन कुणाला आत घेऊ नको मी येईस्तोर." मी मान डोलावली आणि चौथ्या दिवशी घरजावयाला आत घेतलं. माझा तो मधला मार्ग, एका जास्तीच्या शब्दाचा. माथ्यावर माझं नाव, माझा नंबर. संध्याकाळपर्यंत जगभरातून आभाराचे निरोप आले. माझं लग्न ठरलं तेव्हाही इतक्या लोकांनी अभिनंदन केलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

रविवारी मॅडम काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, आठवड्यात काय काय बदललं ते वाच. मी एकेक ओळ वाचत गेले. त्या ओळीपाशी आले, थबकले आणि ती सोडून पुढची वाचली. "झालं?" त्यांनी विचारलं. मी झालं म्हणाले. त्यांनी डोळ्यात घालायचे थेंब माझ्याकडे दिले आणि मान मागे केली. थेंब घालताना माझा नेम चुकला. दोन थेंब गालावर ओघळले.

त्या दिवसापासून अनोळखी नंबर आला की मीही फोन लगेच उचलेनाशी झाले. आधी नंबराकडे नुसती बघत राही.

पण भीती आली ती ओळखीच्या नंबरावरून. बुधवारी दुपारी पावणेतीनला गणेशचा फोन आला. स्वारी खुशीत होती. "ताई, तुझं ते जबरदस्त चालून राह्यलं. आज लायनिंग फोडणार होते, पण कम्प्यूटरनं सांगितलं अजून पाच हीट निघतात. साहेब एकदम खूश." मी विचारलं, कसलं लायनिंग? तेव्हा पहिल्यांदा त्याने नीट सांगितलं.

भट्टीच्या आतून अस्तर असतं, त्याला हे लोक लायनिंग म्हणतात. एकदा भट्टी भरून लोखंड वितळवलं की एक हीट झाली, आणि प्रत्येक हीटमध्ये अस्तर थोडं झिजतं. फार झिजलं तर वितळलेलं लोखंड भट्टी फोडून बाहेर येतं, समोर उभ्या असलेल्या माणसांवर. म्हणून त्याआधीच जुनं अस्तर फोडून काढतात आणि नवं घालतात. भट्टी चालू असताना आत डोकावून अस्तर मोजता येत नाही. बाहेर एक मीटर असतो, त्याच्या आकड्यावरून ताडायचं. जुन्या वह्यांत नोंदी होत्या, मीटर इतका दाखवत होता तेव्हा लायनिंग फोडलं आणि अस्तर इतकं शिल्लक निघालं. साहेबांनी त्यांचा तक्ता केला होता.

"आजचा मीटरचा आकडा तक्त्यात आहे का?" मी विचारलं. गणेश म्हणाला, तक्ता त्याच्या अलीकडंच संपतो, म्हणून तर साहेब तुझ्या त्या फंक्शनसाठी मागं लागले होते. "चल, ताई, तीनची शिफ्ट हाय. फोन लॉकरमध्ये टाकतो." आणि त्याने फोन ठेवला.

मी तशीच उभी राहिले. तक्ता तिथे का संपत होता, हे मला तेव्हा कळलं. त्याच्यापुढे कुणी लायनिंग चालवलंच नव्हतं. जुने मिस्त्री तिथे आले की थांबत आणि फोडा म्हणत. माझं फंक्शन त्या रेघेपलीकडे गेलं होतं, आणि माझा भाऊ त्याच्या भरवशावर भट्टीसमोर उभा राहायला निघाला होता. मी गणेशला परत फोन लावला, बंद. कारखान्याचा नंबर शोधून लावला, नुसताच वाजत राहिला. आईला काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात फिरायला लागला.

मला एकटीला गेटवर कुणी विचारलं नसतं. मी रिक्षा केली आणि आधी मस्तगडला गेले. जिना चढता चढताच मी सगळं सांगून टाकलं, फंक्शन घेतलं ते, ओळ गाळली ते, गणेशचं ते. मॅडम दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "गणेश आत्ता कुठं हाय?" आणि चप्पल पायात सरकवली.

रिक्षात त्यांनी धुळीपासून डोळा वाचवायला पदर तोंडावरून घेतला होता. डॉक्टरांनी उंबरठा ओलांडायची परवानगी दिली नव्हती. एक हीट व्हायला किती वेळ लागतो, एवढं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. समोरची लोखंडी दांडी त्यांनी गेट येईपर्यंत सोडली नाही. मी घाबरलेली होते, पण त्यांच्याइतकी नाही. मी एका माणसासाठी घाबरले होते. मॅडम भट्टीवरच्या सगळ्यांसाठी, ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती.

गेटवर वॉचमनने पास मागितला. मॅडम म्हणाल्या, "साहेबाला सांग, अदमासवाली बाई आली." इंजिनिअर साहेब धावत बाहेर आले. सत्तावीस-अठ्ठावीसचे असतील. आधी वाकून नमस्कार केला, मग कौतुकाने मोबाईलवर तक्ता दाखवायला लागले. मॅडमना दिसत नव्हतं. त्यांनी मला शेवटची ओळ वाचायला सांगितली आणि मग आजचा आकडा. दोन्हीत बरंच अंतर होतं.

"याच्यापुढची नोंद का न्हाई?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, त्याच्यापुढे कुणी चालवलं नाही, जुने लोक घाबरत असत.

"मंग ती भीती तुमच्या तक्त्यात कुठं लिहिली?" मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "माझ्या फंक्शनला ती माहीत न्हाई, बाळा. त्यानं नुसती रेघ पुढं ओढली."

साहेब गोंधळले. आकडा तर बरोबर दिसतो, असं काहीतरी पुटपुटले. लायनिंग आता फोडायचं तर वरच्यांना काय कारण सांगायचं, ही त्यांची अडचण होती आणि ती खोटी नव्हती. तेव्हा मॅडमनी वॉचमनच्या वहीतलं एक पान मागून घेतलं. काळ्या चष्म्याआडून, चाचपडत, ओळी एकमेकींवर चढत असतानाही त्यांनी लिहिलं की या आकड्याला 'अदमास'चा कुठलाही आधार नाही, तो वापरू नये, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. "हे दाखवा वरती," म्हणाल्या. "अडाणी बाईनं लिहिलं होतं, चुकलं, असं सांगा."

साहेब आत गेले. आम्ही गेटबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. शेडमधून मधूनच धाडकन आवाज येई, आणि दर आवाजाला मी उठून गेटमधून आत बघे. मॅडम प्रत्येक वेळी डोळे मिटत होत्या. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी गणेश हेल्मेट हातात घेऊन बाहेर आला, घामाने निथळत, चेहरा लालबुंद. चालू होती ती हीट ओतून भट्टी थांबवली होती. मी त्याच्याकडे धावले तर तो माझ्यावरच डाफरला. "काय ताई, सगळ्यांसमोर शोभा केली. साहेबाला वरून बोलणी बसून राह्यली."

दोन दिवसांनी भट्टी गार झाल्यावर लायनिंग फोडलं. साहेबांचा मला निरोप आला, की अस्तर चांगलं जाड निघालं, कम्प्यूटरचा आकडा जवळजवळ बरोबर होता, पाच हीट आरामात निघाल्या असत्या. निरोपात राग नव्हता, पण टोमणा होता. मी तो मॅडमना वाचून दाखवला. वाचताना मला लाजही वाटत होती आणि आतून कुठेतरी, खरं सांगते, आपण अगदीच चुकलो नव्हतो असंही वाटत होतं.

मॅडमनी ते ओळखलं. "बराबर निघालं म्हणून माहीत होतं असं होत न्हाई," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "रविवारी वाचताना तू थबकलीस, ते मला ऐकू आल्तं. मी विचारलं न्हाई. ते माझं चुकलं." यावर मला जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. त्यांनी थांबवलंही नाही.

फंक्शन त्यांनी कारखान्यातून परत आल्या आल्याच माझ्याकडून काढायला लावलं होतं. ज्यांनी आठ-दहा दिवसांत त्याच्यावर आपले प्रोग्रॅम उभे केले होते त्यांचे बंद पडले, आणि शिव्याशाप सुरू झाले. जुने दोघे मदतनीस सोडून गेले. एकाने लिहिलं, ही लायब्ररी म्हणजे एका भित्र्या म्हातारीचं देवघर आहे. मॅडमनी जाहीर माफी लिहिली. तिच्यात माझं नाव कुठेही नव्हतं. मी घालायला लागले तर म्हणाल्या, किल्ली मी दिली होती.

उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी सांगितलं की आता 'अदमास' कायमची तू सांभाळ. मी हादरले. नको म्हणाले. मागच्या वेळी काय केलं ते विसरलात का, म्हणाले. आता मला साधं एक अक्षर बदलायचं तरी भीती वाटते, रात्र रात्र झोप लागत नाही, दुसरं कुणीतरी बघा.

"म्हणून तर तुला देऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "ते फंक्शन आत घेतलं त्या वैशालीला मी कधीच दिली नसती. गेटवर बसली होती तिला देऊन राह्यली."

त्यानंतर रविवारी त्या नुसत्या मोसंबी सोलत बसत आणि मी काय ठरवते ते ऐकत. चूक की बरोबर, कधी बोलल्या नाहीत. मार्गशीर्षात केदारखेड्याला दादाकडे गेल्या होत्या, तिथेच सकाळी चहा घेता घेता गेल्या. हृदय बंद पडलं, म्हणाले.

तेराव्याला गणेशने मला बाईकवर तिकडे नेलं. तो मॅडमशी आयुष्यात दोनदाही धड बोलला नव्हता, तरी पंगतीत वाढायला उभा राहिला. परत निघताना रस्त्याकडेला पाणी प्यायला थांबलो, तेव्हा त्याने विचारलं, की आता मॅडम न्हाईत, तर ते पुढचं सांगणारं तू परत घेणार का, साहेब विचारत होते. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, साहेबांनी दुसरी कुठलीतरी लायब्ररी बघून ठेवली आहे, तिच्यात ते आहे.

इतका आटापिटा करून मी फक्त माझं दार बंद ठेवलं होतं. गणेशच्या हातावर ठिणग्यांचे बारीक बारीक काळे डाग आहेत, तिकडे बघत राहिले. मग मी त्याला म्हणाले, लायब्ररीचं सोड, साहेबांचंही सोड, भट्टीसमोर तू उभा असतोस, भट्टी थांबवली त्या दिवशी तुला काय वाटत होतं ते सांग.

गणेशने बाटलीचं झाकण लावलं. बराच वेळ लावत होता.

"भीती वाटून राह्यली होती, ताई," तो म्हणाला. "एका अंगानं धग जास्तीची लागून राह्यली होती. बाकीच्यांलाबी लागत असंल. पण आकडा आल्ता ना वरून. मंग कोण बोलणार?"

त्याला तीनच्या शिफ्टला पोचायचं होतं, म्हणून आम्ही निघालो.